आश्रिताच्या रकान्यातला भाऊ

सरकारी इस्पितळाच्या तळघरात धुलाईघर होतं आणि तिथे चादरींच्या घड्या घालणारी एक बाई होती. अठ्ठावीस वर्षं तिने घड्याच घातल्या. अख्खी गल्ली तिला ताई म्हणायची, कारण तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा आणि त्याचा आवाज गल्लीभर ऐकू जायचा.

हा भाऊ किल्ल्या करायचा. लहानपणीच्या तापात त्याचे दोन्ही पाय गेले. म्हणजे होते जागच्या जागी, पण नुसते शोभेला. चाकाच्या खुर्चीत बसून तो बाजाराच्या तोंडाशी, आपल्या टपरीत, दिवसभर कानस घासायचा. लोक त्याला किल्लीमास्तर म्हणत. धार मात्र कानशीपेक्षा जिभेला जास्त. कोणी चुकून "बिचारा" म्हणालं की हा म्हणणार, "बिचारा मी कसला? स्वतःच्या घराबाहेर कुलपाकडे बघत उभे आहात ते तुम्ही!"

ताईने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, मागणीच आली नाही. खरं तर दोन आल्या होत्या, त्यातली एक तर बरी होती. पण आई जाताना "ह्याला सांभाळ" म्हणाली, आणि ताईने ते इतकं मनावर घेतलं की भावाने चाळिशी ओलांडली तरी त्याच्या चहात साखर तीच ढवळायची. डॉक्टरने त्याला विचारावं कुठे दुखतं, आणि उत्तर ताईने द्यावं.

"ताई, दुखतंय मला आणि सांगतेस तू."

"तुला नीट सांगता येतं का!"

दोघं हसायचे आणि गोष्ट तिथेच राहायची.

मंडळाची कल्पना भावाचीच. बाजारात टपरी लावणारी, हातावर पोट असलेली माणसं, आणि त्यातही कोणी आंधळं, कोणी पांगळं, कोणाला ऐकू येत नाही. आजारपणाचा विमा काढायला गेलं की विम्याच्या कचेरीत म्हणायचे, तुम्हाला हप्ता दुप्पट. नाहीतर म्हणायचे, घरात कोणी नोकरीवाला असेल तर त्याच्या विम्यात आश्रित म्हणून नाव घाला, तो स्वस्त पडतो. आणि हे ऐकायला मान वर करून बसावं लागे, कारण कचेरीची खिडकी खुर्चीतल्या माणसाच्या डोक्यावरून दोन हात उंच.

भावाने टपरीसमोर पहिली बैठक बोलावली तेव्हा कोणी विचारलं, बसायचं कुठे? तो म्हणाला, "माझी खुर्ची मी घेऊन आलोय. तुम्ही तुमची आणा." म्हणून बाजारातले टवाळ लोक त्याला खुर्ची मंडळ म्हणायला लागले, आणि तेच नाव पडलं.

मंडळात मुख्य माणसं तीन. एक हा. दुसरी शेजारच्या टपरीतली छत्रीवाली. ती छत्र्या दुरुस्त करायची, एक हात मनगटापासून नव्हता, पण उरलेल्या हाताने आणि दातांनी ती काड्या अशा बसवायची की दोन हातांच्या माणसाने लाजावं. तिसरे वेतवाले काका. वेताच्या खुर्च्या विणायचे, डोळ्यांनी ठार आंधळे. बैठकीत गोंधळ झाला की म्हणायचे, "एकेक जण बोला रे, मला काही दिसत नाहीये."

ताई मंडळाची सभासद नव्हती, पण मंडळाचे पाय तिचेच. कामाची पाळी संपली की हातात निवेदनाच्या कागदांचा गठ्ठा घेऊन ती घरोघर सह्यांना जायची. जिने चढून चढून गुडघे धरायचे. लोक दार उघडायच्या आधीच म्हणायचे, "आज नको हो, मागच्या आठवड्यात दिली वर्गणी." ती म्हणायची, "वर्गणी कोण मागतंय? सही द्या, फुकट असते." सहाशेच्या वर सह्या एकट्या तिने आणल्या. हेही सांगायला हवं. पुढे जे झालं त्यात हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

मंडळाचा ठराव सोपा होता. सगळ्यांनी आपापल्या नावाने, सभासद म्हणून अर्ज करायचा, एकाच दिवशी, एकगठ्ठा. हप्ता इतरांना असेल तोच. आणि उत्तर येईपर्यंत कोणीही मागच्या दाराने आश्रित म्हणून नाव घालायचं नाही. एकानेही घातलं तर कचेरी म्हणणार, बघा, सोय आहेच की, मग ओरडता कशाला? भावाने हे इतक्यांदा सांगितलं होतं की वेतवाले काका म्हणाले, "बाबा, आता झोपेतसुद्धा घालणार नाही."

त्या थंडीत भावाला बसून बसून पाठीखाली जखम झाली. जखमेने ताप धरला. आठ दिवस तो टपरीवर गेला नाही. ताई रोज ती जखम धुवायची आणि कालच्यापेक्षा वाढली का ते बघायची. इस्पितळात काम करणाऱ्या माणसाला जास्त माहिती असते, आणि जास्त माहिती म्हणजे जास्त भीती. अशा जखमांची माणसं तिने वरच्या मजल्यांवरून, तोंडावर चादर ओढलेली, स्ट्रेचरवर खाली येताना पाहिली होती.

ताप उतरला. भाऊ टपरीवर गेला. पण ताईची भीती काही उतरली नाही.

एका दुपारी ती इस्पितळातल्या कारकुनाच्या खोलीत गेली. नोकरीमुळे तिचा स्वतःचा विमा होताच. कारकुनाने छापील कागद पुढे सरकवला. "आश्रिताचं नाव, वय, नातं. खाली सही करा. त्यांची सही लागत नाही."

खाली एक वाक्य छापलेलं होतं. ताई चार इयत्ता शिकलेली. तिने त्यावर बोट ठेवून अक्षर अक्षर लावून वाचलं. 'सदर इसम शारीरिक व्यंगामुळे स्वतःची उपजीविका करण्यास असमर्थ असून पूर्णपणे माझ्यावर अवलंबून आहे.'

"हे असंच लिहावं लागतं का?" तिने विचारलं.

"छापलेलंच आहे, ताई. त्याला काय अर्थ असतो? सगळेच करतात."

वाचता येत नव्हतं, असं नंतर म्हणायची सोय होती. तिने ते कधी म्हटलं नाही. वाचलं, कळलं, आणि सही केली. घरी येऊन भाजी निवडत बसली. आता जखम झाली तरी घोर नाही, म्हणून जीव भांड्यात पडला होता. भावाने विचारलं, "आज गाणं गुणगुणतेस?" ती म्हणाली, "उगीच."

दोन महिन्यांनी अर्जांचा दिवस आला. सत्तावीस अर्ज. मंडळाची सगळी माणसं कचेरीत गेली, ताईही रजा काढून गेली. भावाने आदल्या दिवशी केस कापून घेतले होते. मोठे साहेब खिडकीमागून बाहेर येऊन समोर बसले, हेच पहिल्यांदा घडत होतं. माणूस बरा वाटला. भाऊ बोलला, आणि असं बोलला की साहेबांनी दोनदा मान हलवली.

"आम्हाला दया नको, सूट नको. आम्ही कमावतो. कमावणाऱ्याला लावता तो हप्ता लावा आणि आमच्या नावाचं कार्ड द्या. कोणाच्या पदराखालचं नको."

साहेब म्हणाले, "पहिला अर्ज तुमचाच घेऊ." शेजारी बसलेल्या मुलीने संगणकावर नाव घातलं. मग तिने साहेबांकडे पाहिलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

"तुमचा विमा तर आहे," साहेब म्हणाले.

"माझा? नाही हो. नाव नीट बघा."

"तुमचंच आहे. आश्रित म्हणून. बहिणीच्या नावावर." आणि त्यांनी ते वाक्य वाचून दाखवलं. वाईट हेतूने नाही, खात्री करून घ्यायला. पण खोलीत तीस माणसं होती. 'असमर्थ' हा शब्द सगळ्यांनी ऐकला.

 वेतवाले काका हळूच म्हणाले, "कोणाबद्दल वाचलं?" त्यांना कोणी सांगितलं नाही.

साहेबांनी गठ्ठा बाजूला सरकवला. आता त्यांचा आवाज वेगळा होता. "हे बघा, ज्यांनी मागणी केली त्यांचीच सोय सध्याच्या नियमात झालेली आहे. मग वेगळा नियम कशासाठी मागता? वर कळवतो, बघू." वर कळवणं म्हणजे काय ते तिथल्या पंख्यालासुद्धा माहीत होतं.

भावाने मान वळवून ताईकडे पाहिलं. "तुम्ही सही केलीत?"

आयुष्यात पहिल्यांदा तो तिला तुम्ही म्हणाला. ताईला वाटलं, लोकांसमोर म्हणाला असेल. पण घरी आल्यावरही तेच.

"अरे, तुझ्याच भल्यासाठी केलं ना. तो ताप, ती जखम..."

"जखम माझी होती."

"तू मेला असतास तर?"

"तर कमावता माणूस मेला असता. तुम्ही मला जिवंतपणीच काढून टाकलंत."

"मला तुम्ही नको म्हणूस रे."

"मग काय म्हणू? मी तुमचा आश्रित ना?"

आठवड्याभरात त्याने टपरीच्या मागच्या खोलीत बिऱ्हाड हलवलं. छत्रीवालीने आणि आणखी दोघांनी सामान वाहिलं. ताई दारात उभी होती, पण तिला कोणी काही उचलायला सांगितलं नाही.

मग ताईने ती चूक निस्तरायचं ठरवलं, आणि निस्तरताना पुन्हा तीच केली. आश्रितातून नाव काढायला माणूस कमावतो याचा पुरावा लागतो, असं कारकून म्हणाला. ताई पुन्हा कागद घेऊन तेच जिने चढली. आता प्रत्येक दारात आपण काय केलं ते सांगायचं आणि मग लिहून मागायचं, की किल्लीमास्तरने आमची किल्ली केली, पैसे घेतले, काम चोख. तोंड दाखवायला जागा नव्हती, तरी सव्वीस जणांकडून लिहून आणलं. सत्ताविसावी छत्रीवाली.

तिने कागद वाचला आणि परत दिला. "मास्तरला विचारलंत हे?"

"त्याला काय विचारायचं? त्याच्यासाठीच तर..."

छत्रीवाली काडी दातात धरून बघत राहिली. मग काडी काढून म्हणाली, "ताई, तुम्हाला हात दोन आहेत, पाय दोन आहेत. थांबता तेवढं येत नाही."

ताईने ते सव्वीस कागद घरी आणून गादीखाली ठेवले.

नाव भावाने स्वतःच काढून घेतलं. कसं, ते ताईला इतरांकडून कळलं. साहेबांच्या लोखंडी कपाटाची किल्ली महिनाभर हरवली होती. भाऊ अवजारांची पेटी घेऊन गेला, तिथेच किल्ली केली, कपाट उघडलं, आणि साहेबांकडून पावती लिहून घेतली. तीच पुरावा म्हणून जोडली. बाजारात चार दिवस हसण्याचा धुमाकूळ होता. ताईही हसली, एकटीच, स्वयंपाकघरात.

पण अर्ज वर गेले ते वरच राहिले. मंडळाला सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. सह्या, निवेदनं, फेऱ्या. अडीच वर्षं गेली. तेवढ्यात वेतवाले काकांच्या पोटात काहीतरी निघालं. शस्त्रक्रिया परवडणारी नव्हती, म्हणून ते पुढे ढकलत राहिले, आणि मग ढकलायला काही उरलं नाही, काका गेले. त्यांचा अर्ज गठ्ठ्यात वरून तिसरा होता. ताईमुळे झालं, असं कोणी म्हणालं नाही. म्हणायला हवं होतं. निदान भांडता आलं असतं.

शेवटी नियम बदलला. हप्ता सगळ्यांना सारखा, नाव स्वतःचं, आणि कचेरीत एक खिडकी खाली आणलेली. भावाचं कार्ड आलं हे ताईला दूधवाल्याने सांगितलं. "बाई, मास्तर सगळ्या बाजाराला दाखवत फिरतोय!" ती म्हणाली, "हो, मला माहीत आहे." दूधवाल्यालाही कळलं असणार की तिला माहीत नव्हतं.

पुढच्या थंडीत जखम पुन्हा चिघळली. भाऊ कार्ड घेऊन स्वतः इस्पितळात भरती झाला, चौथ्या मजल्यावर. ताई त्याच इमारतीत, तळघरात. तीन दिवस तिच्याकडे चौथ्या मजल्याच्या चादरी येत होत्या आणि तीन दिवस ती त्यांच्या घड्या घालत होती. तिसऱ्या दिवशी गाठोडी आणणारी बाई सहज म्हणाली, "वर एक किल्लीवाला आलाय, काय बोलतो हो, नर्सना हसवून हसवून मारतो."

ताई तशीच ओल्या हातांनी वर गेली. दारात नर्सने अडवलं.

"कोण तुम्ही?"

"बहीण."

नर्सने कागद चाळले. "कळवायचे नातेवाईक म्हणून इथे दुसऱ्याच बाईंचं नाव आहे. छत्री दुरुस्ती असा पत्ता आहे."

"असेल," ताई म्हणाली.

आतून आवाज आला, "त्यांना येऊ द्या, सिस्टर."

भाऊ उशीला टेकून बसला होता. वाळला होता. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, ते तिने पाहिलेच नव्हते. ती स्टुलावर बसली. त्याने तिला जखमेचं सांगितलं, स्वतःच, नीट, कुठे आहे आणि डॉक्टर काय म्हणाले ते. सांगता येत होतं त्याला. ती ऐकत राहिली.

"परवा सोडतील. छत्रीवाली येणार आहे न्यायला."

"मी खालीच असते," ताई म्हणाली.

"माहीत आहे."

"कळवलं असतंस तर..."

"तर तुम्ही सगळं ताब्यात घेतलं असतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

मग बराच वेळ दोघं शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे बघत बसले, कारण तो झोपेत दात खात होता आणि दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं. पाच वाजता घंटा झाली. नर्स म्हणाली, भेटायला आलेल्यांनी आता निघा. ताई उठली आणि भेटायला आलेल्या बाकीच्या माणसांबरोबर जिना उतरून खाली गेली.