येतो म्हणणारा माणूस

आमचा दादा परदेशात येऊन वॉशिंग मशीन दुरुस्त करू लागला. हात असा, की पाइप बदलला तरी फरशीवर पाण्याचा थेंब सांडायचा नाही. कंपनीत कायम झाला की वहिनीला आणि पोरीला इकडे आणायचं, एवढ्या एका आशेवर तो जगत होता. आम्ही दोघे भाऊ एका खोलीत राहायचो. खिडकीजवळचा कोपरा त्याने पोरीच्या अभ्यासासाठी राखून ठेवला होता. मी तिथे चपला काढल्या तरी खेकसायचा.

कायम करायची वेळ आली तेव्हा साहेबांनी गिऱ्हाइकांच्या तक्रारी पुढे केल्या. सगळ्या एकाच चालीच्या: हा परत येतो म्हणाला आणि आलाच नाही. एक आजीबाई तर याची वाट बघत दवाखान्यात जायच्या राहिल्या होत्या.

"तुमच्या देशाच्या लोकांचं हे असंच," साहेब म्हणाले. "शब्दाला किंमतच नाही."

दादा चक्रावला. मशीन चालू करून दिल्यावर परत कशाला जायचं? मग डोक्यात प्रकाश पडला. काम आटोपून निघताना तो दारात "येतो" म्हणायचा. त्यांच्या भाषेत, पण शब्दाला शब्द ठेवून. आपण कुठे कुणाच्या दारातून "जातो" म्हणून निघतो? आमची आई तर तसं बोलणाऱ्याला परत आत बोलावून बसवायची.

हे त्याने साहेबांना नीट समजावलं. साहेब खो खो हसले. "म्हणजे तुमच्याकडे निरोप घेतानासुद्धा खोटं बोलतात," म्हणाले.

मग दादा काही न बोलताच निघू लागला. तर तक्रार आली, या लोकांना रीतभात नाही. इकडे आड, तिकडे विहीर. माझं डोकं भणाणलं. दादाला मात्र रागही येईनासा झाला होता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

कायमची जागा इथल्याच एका माणसाला मिळाली. तो रोज उशिरा येतो, कधी येतही नाही. पण त्याचा उशीर त्याच्या एकट्याचा असतो, अख्ख्या देशाचा नसतो. दादाला तळघरात मोडकी मशिनं खोलायला बसवलंय. तिथे कुणाचा निरोप घ्यावा लागत नाही.

परवा वहिनीने फोनवर विचारलं, "अहो, पोरीचा शाळेतून दाखला काढून ठेवू ना?"

"नको. तिला तिथेच पुढच्या वर्गात बसू दे."

"मग पुढच्या वर्षी काढू?"

"पुढच्या वर्षीही नको," दादा म्हणाला.