पाणी वाटेवर आहे
सुक्या बोंबलांचा वास आला की मला अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरची एक सकाळ आठवते. किल्ल्याच्या बेटावर जाणारी मामाची बोट भरती पाहून सुटायची, म्हणून मी त्याच्यासाठी एक छोटी वेबसाइट केली होती. तिच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या ठरलेल्या साच्यात, पहिल्या आणि दुसऱ्या भरतीच्या वेळेसाठी दोन जागा होत्या. सर्व्हर त्या रोज भरून पान तयार करायचा. त्या सकाळी मात्र पानाऐवजी पांढऱ्या पडद्यावर एररच्या इंग्रजी ओळी उमटल्या, आणि आज बोट बंद का, असं विचारणारे फोन मामाला येतच राहिले. वाळत टांगलेल्या बोंबलांच्या सावलीत मी लॅपटॉप मांडीवर घेतला. दुसरी भरती मध्यरात्र ओलांडून पुढच्या तारखेत गेली होती, म्हणून त्या दिवसाची दुसरी जागा रिकामी राहिली, आणि तेवढ्यापायी सगळं पान कोसळलं होतं. जागा रिकामी असली तरी पान उघडेल असा बदल करून मी तिथे ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहिलं. बोंबील उलटता उलटता मामी डोकावली. “नाय कशी? पानी येतंय ना. त्याला तारीख कुठं कळते?” समोर ओहोटीचा चिखल चकाकत होता, बोट एका कुशीवर झोपली होती. मी ती ओळ पुसून ‘पाणी वाटेवर आहे’ असं लिहिलं. दुपारी पाणी चढलं तशी बोट हळूहळू सरळ झाली. आता नायगावच्या उंच फ्लॅटमध्ये काम करताना एखादं पान उघडेनासं झालं, तर मी लगेच कीबोर्डला हात लावत नाही. खिडकीतून खाडीकडे पाहते, आणि पाणी कुठवर आलंय त्याचा अंदाज घेते.