शितोळे सरांची पहिली खरी नोंद

हायवेवर कासुर्डीला उतरून उसाच्या रस्त्यानं आत गेलं की एक वस्ती लागते. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर शितोळे सर माझ्याशी बोलायचे नाहीत.

इंद्रजीत शितोळे सर म्हणजे पाटसचा माणूस. नोकरीला सव्वीस वर्षं झाली, पण अक्षर एकदाही बिघडू दिलं नाही. दाखला असो, फळा असो, नाहीतर सप्त्याच्या पंगतीची पाटी असो, लिहायचं ते सरांनीच. बैठकीत साहेबलोक त्यांची प्रगतिपुस्तकं उंच धरून बाकीच्यांना दाखवायचे. सरांना त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

फक्त त्या मोत्यांसारख्या अक्षरात लिहिलेलं असतं काय, हे कुणी विचारलं नव्हतं. दर सत्राला प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात. मूल कशात रमतं, कुठं अडतं, असं. सरांच्या वर्गात तिसरी-चौथीची मिळून चौतीस मुलं. माणूस लिहिणार तरी किती? सरांच्या मोबाइलमध्ये तीनशे तयार नोंदींची पीडीएफ होती. ती समोर ठेवायची आणि ओळीनं उतरवत जायचं. शेजाऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्या पोराचा कान पिळणारे सर वर्षातून दोनदा बिनदिक्कत कॉपी करायचे. सगळेच करतात, असं म्हणायचे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

अशात नव्या मुख्याध्यापिका अनुपमाबाई आल्या. त्यांनी ठरवलं की शाळेचं स्वतःचं मूल्यमापन धोरण हवं. मुलांचं काय तपासायचं, कसं तपासायचं, पालकांना काय सांगायचं, ते दोन पानांत लिहून शाळा व्यवस्थापन समितीपुढं ठेवायचं. आता लिहिणार कोण? अक्षर चांगलं कुणाचं? शितोळे सरांनी मान डोलावली आणि मोबाइलमध्ये धोरणाची पीडीएफ शोधायला लागले.

ती सापडायच्या आत दारात धुरपदाबाई उभ्या राहिल्या. शेवंती पिकवणारी साठीची बाई, तिसरीतल्या समृद्धीची आजी. मागच्या वर्षी प्रौढांच्या वर्गात त्या वाचायला शिकल्या आणि तेव्हापासून औषधाच्या बाटलीपासून लग्नपत्रिकेपर्यंत काहीच सोडत नव्हत्या. एका हातात नातीचं प्रगतिपुस्तक, दुसऱ्या हातात शेवंतीची टोपली.

“सर, तीनदा वाचलं म्या,” त्या म्हणाल्या. “‘गोष्ट स्वतःच्या शब्दांत रंगवून सांगते.’ घरात तर पोर तोंड उघडत न्हाई. भावकीत मुकी म्हनत्यात तिला. म्या आख्ख्या आळीला वाचून दावलं बघा. आता मला बी एक गोष्ट ऐकवा तिची.”

समृद्धी वर्गातही बोलत नव्हती. वर्षभरात त्यांनी तिचा आवाज ऐकला होता तो ‘हजर’ एवढाच, आणि तोही कान देऊन.

“पंधरा दिवसांनी समितीची मीटिंग आहे, मावशी. तेव्हा तिला घेऊन या,” ते कसंबसं म्हणाले. धुरपदाबाई टोपली टेबलावर ठेवून गेल्या. त्या दिवशी सरांना स्वतःची लाज वाटली. इतकी की डबासुद्धा उघडवेना.

आधी त्यांनी पळवाट शोधली. समृद्धीकडून कोल्ह्याची गोष्ट पाठ करून घ्यायचा घाट घातला. ती पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी राहिली. दोन दिवस झाले तरी कोल्हा काही जंगलाबाहेर येईना. तिसऱ्या दिवशी सरांनी नाद सोडला आणि एक साधी वही घेऊन नुसतं तिच्याकडं बघायला लागले.

प्रार्थना संपली की समृद्धी मागं राहायची. व्हरांड्यात विस्कटलेल्या चपला जोडीनं लावायची आणि वर्गात येऊन शेजारच्या प्रांजलला बोटं दाखवायची. कधी दोन, कधी तीन. हजेरी झाली की गैरहजर बरोबर तेवढेच निघायचे. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, कुणी थोरल्या भावाची घालून आलंय, चौतीस जणांच्या चपला तिला पाठ होत्या. सरांनी रोज एकेक जोड दाखवून, ती कुणाकडं बोट करते ते पडताळून पाहिलं. पोरगी एकदाही चुकली नाही. सरांना एवढा आनंद झाला की घरी बायकोला त्यांनी ते दोनदा सांगितलं, आणि जेवताना तिसऱ्यांदा.

मग धोरण त्यांनी एका बैठकीत लिहून काढलं. तोंडी, लेखी, प्रात्यक्षिक, सगळं त्यात होतं, पण पहिलं कलम असं होतं: ‘शिक्षकाने स्वतः पाहिलेलं किंवा ऐकलेलंच प्रगतिपुस्तकात लिहावं, आणि लिहिताना तारीख टाकावी.’

मीटिंगच्या दिवशी ऑफिसात चहा झाला आणि मंडळी अंगणातल्या खुर्च्यांवर येऊन बसली. समितीचे अध्यक्ष सर्जेराव आबा, अनुपमाबाई, चार-पाच पालक, आणि नातीचा हात धरून धुरपदाबाई. सरांनी पहिलं कलम वाचलं आणि कागद खाली केला.

“मावशी, ती गोष्टीची नोंद खोटी होती. मी न बघता उतरवली. माझी चूक आहे.”

धुरपदाबाईंचा चेहरा उतरला. “समद्या आळीला वाचून दावलं की वो सर म्या,” त्या हळूच म्हणाल्या. सरांनी वही उघडली आणि नवी नोंद तारखेसकट वाचली: ‘चपलांवरून माणूस ओळखते. हजेरीआधी गैरहजर मुलं अचूक सांगते.’

“आसं कुठं आसतंय व्हय?” सर्जेराव आबा म्हणाले. “चौतीस जोड? आवो, आपल्याला आपली चप्पल वळखू येत न्हाई.”

समृद्धीनं आजीचा हात सोडला. एकदा आबांच्या पायांकडं पाहिलं, एकदा सरांच्या.

“आबा, तुमच्या पायात सरांच्या चपला हायेत,” ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “आन् सरांच्या पायात तुमच्या.”

सगळ्यांनी खाली वाकून पाहिलं. आबांची टाच बोटभर बाहेर आली होती. गडबडीत सर ऑफिसातून पहिले उठले आणि दाराशी काढलेल्या आबांच्या चपला घालून गेले होते, आणि आबांनी शेवटी उरलेला जोड पायात सरकवला होता. मग जे हसू फुटलं ते आवरेना. आबा तर खुर्चीवर थाप मारून मारून हसले आणि हसता हसताच पहिल्या कलमाला त्यांनी हात वर केला.

धुरपदाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि पिशवीतून प्रगतिपुस्तक काढून सरांच्या पुढ्यात धरलं.

“बोलली ती, सर. तुमी सोता ऐकलं. लिवा आता, तारीख टाकून.”