बाईंच्या गच्चीवरून आलेली वायर

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. नळाला सहा दिवसांआड पाणी यायचं, तेही पाऊण तास, आणि आमच्या गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत ते पोचायचंच नाही. ते शेवटचं घर बाईंचं. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं शेतं विकली गेली आणि रो-हाऊसच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यातली एक आमची. बाईंची आणि आमची भिंत एकच. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. सगळी नोकरी वैजापूर तालुक्यातल्या खेड्यांत गेली, निवृत्त झाल्यावर इथं घर घेतलं. यजमान आधीच गेलेले, मुलगी नाशिकला दिलेली. आमच्याकडं मी आणि आई. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात माझा शब्द शेवटचा झाला होता. मी पंचवीस वर्षांचा, शेंद्र्याला एका कंपनीत पहिल्या पाळीला जायचो.

चार वाजता घरी आलं की चहा घेऊन मी वरच्या खोलीत जायचो आणि कन्सोल लावायचो. आई त्याला डबा म्हणायची. कॉलेजातले दोन मित्र पुण्याला नोकरीला गेले होते, त्यांच्याशी ऑनलाइन फुटबॉल खेळायचो. दिवसभरात मला बोलावंसं वाटणारी तेवढीच माणसं. पण राउटर खाली हॉलमध्ये आणि मी वर, मध्ये स्लॅब. पासचं बटण दाबलं की माझा खेळाडू एक क्षण विचार करायचा आणि मग पळायचा, तोवर चेंडू दुसऱ्याकडं. मित्र हसायचे. एकदा गोल खाल्ल्यावर एक जण म्हणाला, "तुमच्याकडं नेट पण टँकरनंच येतं का रे?" दुसरा इतका हसला की हेडफोन काढून ठेवावा लागला. मीही हसलो, पण ते वाक्य मला टोचत राहिलं.

गल्लीत केबलवाल्यानं तेव्हा नवीन नेट आणलं होतं. त्याचा जोडणीचा डबा बाईंच्या गच्चीवर बसवलेला. त्याला लागणारी वीज बाईंच्या मीटरवरून जायची, कारण त्यानं विनंती केली आणि बाईंना नाही म्हणता येत नसे. मी त्याला बोलावलं. त्यानं माझी खोली पाहिली आणि म्हणाला, "वायफाय में कुछ नै भाई. गेम को डायरेक्ट वायर होना." बाईंच्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर, तिथून खिडकीच्या चौकटीशेजारी भोक पाडून वायर आत घेतली. राउटर वरच आणला आणि त्यातून हातभर वायर थेट कन्सोलच्या पाठीत. बाई जिन्याशी उभ्या राहून बघत होत्या. "काय आहे रे हे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ऑफिसचं काम असतं." आई माझ्याकडं बघत राहिली.

त्या संध्याकाळी मी चार गोलांनी जिंकलो. बटण दाबेपर्यंत पाय हललेला असायचा.

त्याच महिन्यात आईनं बाईंना आमच्या बोअरचं पाणी द्यायला सुरुवात केली. एक दिवसाआड सकाळी अर्धा तास. मी कंपनीत निघायच्या आधी मोटर लावून हिरवा पाईप अंगणातल्या मधल्या कठड्यावरून पलीकडं सोडायचो, बाई खालची टाकी भरून घ्यायच्या आणि "झालं रे बाळा" म्हणून पाईप परत द्यायच्या.

एप्रिलमध्ये आम्ही दहा-बारा जणांनी आपापसात स्पर्धा ठेवली. पुण्याचे दोघं, त्यांचे ऑफिसवाले, आणि मी. मी उपांत्य फेरीत पोचलो. रविवारी दुपारी सामना सुरू झाला, मी एका गोलनं पुढं होतो आणि पडदा गोठला. राउटरवर लाल दिवा. मी गच्चीवर गेलो. वायरचं टोक बाईंच्या बाजूनं तुटून भिंतीवर लोंबत होतं. सामना मी हरलो असं धरलं गेलं.

आदल्याच दिवशी बाई आईला म्हणाल्या होत्या की गच्चीवरचा तो डबा फार तापतो, काढायला सांगायला पाहिजे. मला दुसरं काही सुचलंच नाही. मी चप्पल न घालता त्यांच्या दारात गेलो.

"बाई, वायर कापली तुम्ही?"

"कुठली वायर?"

"माझी. गच्चीवरची."

"मी कशाला कापू? गुडघा धरलाय, आठ दिवस वर गेलेच नाही."

"मग आपोआप तुटली?"

त्या दार धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "ये, आत बस. पाणी घे." मी वळलो आणि घरी आलो.

घरी येऊन मी पाईप गुंडाळला आणि जिन्याखाली टाकला. आईला सांगितलं, वायर लागेपर्यंत पाणी बंद. आई म्हणाली, "असं नको करू. पाणी आहे ते." मी म्हणालो, "मोटर जळाली म्हणून सांग." तिला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत होतं. म्हणूनच मी तिला पाठवलं, स्वतः गेलो नाही. ती गेली आणि दोन मिनिटांत परत आली. मी विचारलं, काय म्हणाल्या? "म्हणाल्या, दुरुस्त करून घ्या, उन्हाळ्याचे दिवस आहेत, तुमचे हाल होतील."

केबलवाल्याला मी रोज फोन करायचो. आज येतो, उद्या येतो. वायफायवरही खेळता आलं असतं, पण नवीन नेट घेतल्यावर खालची जुनी लाइन मी बंद करून टाकली होती. चार वाजता घरी आलं की काही करण्यासारखं नसे, तर मी खिडकीत बसायचो. टँकर साधारण त्याच वेळी कोपऱ्यावर लागायचा. बाई एक बादली आणि एक छोटी कळशी घेऊन जायच्या. बायकांच्या गर्दीत त्या पुढं घुसत नसत. नंबर येईपर्यंत टँकर अर्ध्याहून खाली गेलेला असे. येताना दर दहा पावलांवर बादली खाली ठेवायच्या आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकायच्या. मी मोजायचो किती वेळा ठेवतात. एके दिवशी नऊ वेळा. मला त्यात समाधान वाटत होतं, हे मी आज लिहितोय कारण तेव्हा ते कुणाला सांगितलं नाही. वाटायचं, आता कळलं असेल.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, केबलवाला आला. बाईंच्या गच्चीवर गेला, तिथून मला हाक मारली. वायरचं टोक त्यानं माझ्या हातात दिलं. वरचं प्लास्टिक सोललेलं, आतल्या तारा बारीक दातांनी चावलेल्या. "गिलहरी है," तो म्हणाला. "गर्मी में पानी नै मिलता तो वायरां चाबतीं. तीन घरां में येइच हुआ." खारीचे दात होते ते. वायर जोडता जोडता तो म्हणाला, "मैं तो अगले हफ्ते आता था. तुमारी टीचर बाई दो बार फोन करे, बोले, बच्चे का ऑफिस का काम रुका है, पहले उसका करो."

वायर लागली, दिवा हिरवा झाला. बाई खाली स्वयंपाकघरात होत्या. त्यांच्याच जिन्यावरून मी उतरलो, त्यांना न भेटता.

आई म्हणाली, "आता पाईप सोड."

"रविवारी सोडतो."

"आज का नाही?"

"आज वायर आली आणि आजच मोटर दुरुस्त झाली, हे त्यांना कळणार नाही का? दोन दिवस जाऊ दे."

खरं तर एवढंच नव्हतं. पाईप सोडायचा तर कठड्यापाशी त्यांच्या समोर उभं राहावं लागणार होतं. शिवाय शुक्रवारी संध्याकाळी तिसऱ्या क्रमांकाचा सामना होता. तो मी खेळलो आणि जिंकलो.

शनिवारी टँकर लवकर आला. मी कंपनीत होतो. दुपारी आईचा फोन आला. "बाई पडल्या."

"कुठं?"

"टँकरपाशी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. गल्लीतल्या बायकांनी आणि आईनं उचलून रिक्षात घातलं. मी घरी आलो तेव्हा आई ओल्या लुगड्यानंच ओट्यापाशी उभी होती. तिनं मला जेवायला वाढलं. पाट मांडला, ताट ठेवलं आणि स्वतः वर गच्चीवर जाऊन बसली.

रविवारी मी ठरल्याप्रमाणं पाईप सोडला. बाईंच्या घराला कुलूप होतं. कठड्यावरून उतरून त्यांच्या टाकीचं झाकण उघडलं आणि ती काठोकाठ भरली. भरायच्या आधी तळाशी चार बोटं पाणी होतं.

महिन्याभरानं मुलगी त्यांना न्यायला आली. गाडी दारात उभी होती, बाई मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेल्या. आई आत मुलीबरोबर सामान बांधत होती. मी गाडीच्या खिडकीपाशी गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण आधी त्याच बोलल्या.

"नीट चालतं का रे तुझं काम?"

"हो."

"मोटर चांगली आहे तुमची," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी सव्वासहाला लागायची. भिंतीतून ऐकू यायची." आवाजात राग नव्हता. शाळेत हजेरी घेताना लागतो तसा साधा आवाज होता. मग त्यांनी काच वर केली, कारण एसी लावला होता.

त्या परत आल्या नाहीत. दिवाळीनंतर मुलीनं घर एका बिल्डरला विकलं. त्यानं बाजूचा प्लॉटही घेतला आणि दोन्ही मिळून पाच मजली इमारत उठवली. घर पाडायच्या आधी केबलवाल्यानं आपला डबा तिथून हलवला. जागा देता का म्हणून विचारायला तो आमच्याकडं आला. मी आमची गच्ची दिली. आता वायर फक्त वीस फुटांची उरली, आणि नेट गल्लीत सगळ्यांत चांगलं माझ्याकडं.

त्या घटनेनंतर मी खेळणं सोडलं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. सोडलं नाही. पुढचं वर्षभर मी चांगला खेळलो. आमचा बोअरही त्या उन्हाळ्यात आटला नाही.

आई वर्षातून दोनदा नाशिकला बाईंना भेटायला जायची. जाताना शेंगदाण्याची चटणी, वाळवणं असं काहीबाही बांधून घ्यायची. मी एकदा म्हणालो, मी पण येतो, गाडीनं नेतो तुला. ती पिशवीची गाठ मारत होती. म्हणाली, "नको. मी त्यांना सांगितलंय की तू कामात असतोस."