अर्नाळ्याच्या होड्यांची हरवलेली नोंद

बस वसई फाट्यावर थांबली तेव्हा तुंगारेश्वरचे डोंगर कमरेपर्यंत ढगात बुडाले होते. कोल्हापूर सोडताना आईनं विचारलं होतं, "समुद्रावर चाललीस, छत्री घेतलीस का?" छत्री घेतली होती, पण ती बसमध्येच राहिली. रिक्षात बसल्यावर ते लक्षात आलं.

राज्य सरकारच्या कार्यालयांतले संगणक सुरक्षित आहेत का, हे तपासत जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरायचं, ही माझी नोकरी. एरवी मी जाते ती प्रशिक्षण द्यायला. पासवर्ड कसा ठेवावा, अनोळखी मेल का उघडू नये, असं सांगून परत यायचं. या वेळी मात्र दुर्घटना घडून गेल्यावर चालले होते. वसईतल्या एका छोट्या सरकारी कार्यालयातले सगळे संगणक कोणीतरी दुरून कुलूपबंद केले होते आणि कुलूप उघडण्यासाठी खंडणी मागितली होती. कार्यालयाचं नाव मी इथे लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. किनाऱ्यावरच्या मासेमारी होड्यांच्या नोंदी आणि परवाने तिथे होत असत, इतकं पुरे. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठायला थोडेच दिवस उरले होते. परवाना नसलेल्या होडीला समुद्रात जाता येत नाही.

कार्यालयाच्या व्हरांड्यात माणसं भिंतीला टेकून बसली होती. मी बॅग सांभाळत आत शिरले तेव्हा एका बाईनं माझा हात धरला. घट्ट नेसलेलं लुगडं, कपाळ मोकळं.

"बाय, तू मुंबयवरशी आली का? मशीन चालू करनारी?"

"कोल्हापूरहून आले, मावशी. बघते काय होतंय ते."

"बघ. माजी होडी वाट बगते."

ही अर्नाळ्याची हिराबाई. नवरा गेल्या वर्षी आजारपणात गेला. होडी तिच्या नावावर करायचा अर्ज मंजूर झाला होता, पण मंजुरीचा कागद छापून हातात यायच्या आधीच संगणक बंद पडले.

आत प्रत्येक पडद्यावर तोच इंग्रजी मजकूर होता, लाल अक्षरांत. कार्यालयाचे प्रमुख सावंत साहेब पन्नाशीचे, नीटनेटके, दमलेले. चहा मागवून ते म्हणाले, "मॅडम, तुमचं काम सोपं आहे. कारण सापडलेलंच आहे. आमच्या मार्था मॅडमनी बनावट मेल उघडला. त्यांना सध्या घरी थांबायला सांगितलंय. तुम्ही तांत्रिक बाजू लिहा, उरलेलं मी लिहितो."

तांत्रिक बाजू बघायला मला दिवस लागला. ती अशी होती. संगणकांतली मूळ प्रणाली इतकी जुनी होती की तिच्या दुरुस्त्या येणंच बंद झालं होतं. नव्या यंत्रांचा प्रस्ताव कधीचा वर गेला होता आणि वरच राहिला होता. नोंदींची जादा प्रत ठेवायची डिस्क होती, पण ती कायम त्याच संगणकाला जोडलेली असायची. त्यामुळे तिलाही कुलूप लागलं. जिल्ह्याच्या ठिकाणी एक प्रत जात असे, तीही गेले काही महिने गेली नव्हती. म्हणजे जुन्या नोंदी जिल्ह्यातून परत मिळणार होत्या. अलीकडच्या गेल्या. हिराबाईची त्यातच.

"कागद असतील ना? अर्ज कागदावर घेता तुम्ही," मी विचारलं.

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. "स्कॅन झाले की गोदामात पाठवतो. सातिवलीला."

सातिवली म्हणजे वसई पूर्वेचा कारखान्यांचा पट्टा. पत्र्याच्या शेड, प्लास्टिकच्या गोण्या, ट्रक आणि रस्त्यात साचलेलं काळं पाणी. रिक्षावाल्यानं अर्ध्यात गाडी थांबवली. "मॅडम, पुढे इंजिन बसेल. इधरसे चालत जा." साहेब आणि मी पाण्यातून गेलो. माझी एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली ती घेतलीच. शेवटी मी दुसरी हातात घेतली आणि अनवाणी गोदामात शिरले.

भाड्यानं घेतलेला गाळा होता. रखवालदारानं शटर उचललं आणि आतून ओल्या कागदाचा आंबट वास आला. जुनी बाडं वरच्या फळ्यांवर सुखरूप होती. नवी जागेअभावी जमिनीवर ठेवलेली, आणि जमिनीवर पाणी येऊन गेलं होतं. मी एक गठ्ठा उचलला तर तो हातात भिजलेल्या पावासारखा तुटला. निळी शाई पसरून पानं एकमेकांना चिकटली होती. एखादा शिक्का तेवढा ओळखू येत होता.

"आता सगळं ऑनलाइनच आहे म्हणून..." साहेब बोलायला लागले आणि थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मार्था मॅडमना भेटायला वटारला गेले. स्टेशनचा गजबजाट मागे पडला की वसईचा पश्चिम भाग वेगळाच देश वाटतो. अरुंद रस्ते, केळीच्या आणि भाजीच्या वाड्या (बागा), वळणावर पांढरा क्रूस आणि त्याच्यापुढे ताजी फुलं. घर विचारलं तेव्हा एका गृहस्थांनी दाखवलं, आणि मग हळूच म्हणाले, "ऑफिसातली भानगड ना? पैसे खाल्ले म्हणतात तिनं." मी म्हटलं, "तसं काही नाही." त्यांनी नुसतं हसून सायकलवर पाय टाकला.

मार्था मॅडम पडवीत उभ्या होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मी काही विचारायच्या आत त्यांनी पाट मांडला. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं तिखट कालवण, आणि शेवटी सुकेळी (उन्हात वाळवलेली पिकी केळी). त्या स्वतः जेवल्या नाहीत. सासूबाई आतून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. मला इतकंच कळलं की सून बरेच दिवस नीट जेवत नाही.

"मॅडम, मेल कसा आला ते सांगाल?"

"वरच्या ऑफिसच्या नावानं आला. मराठीत. अगदी आपल्या सरकारी मराठीत. 'अतितातडीचे. सोबतच्या परिपत्रकानुसार माहिती आजच सादर करावी.' पत्ता जरा वेगळा वाटला मला. तुमच्यासारख्याच एका मॅडमनी ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, शंका आली तर विचारा."

"मग?"

"विचारलं. साहेबांना फोन लावला. ते गाडीत होते. म्हणाले, 'वरून आलंय ना? मग उघडा आणि माहिती पाठवा. उशीर झाला की बोलणी मला बसतात.' मी उघडलं."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

त्यांनी पदरानं पाटावरचा भाकरीचा चुरा गोळा केला. "साहेब वाईट नाहीत. माझ्या मुलाच्या आजारपणात त्यांनी रजेला कधी नाही म्हटलं नाही. आणि बटन तर माझ्याच बोटानं दाबलं ना. रविवारी चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसत नाही, मॅडम. लहानपणापासूनच्या मैत्रिणी. ते जास्त लागतं."

निघताना त्यांनी सुकेळीची पुडी माझ्या बॅगेत कोंबली आणि एकच गोष्ट विचारली. "होड्यांचं होईल ना वेळेत?"

दुपारी मी साहेबांसमोर बसले. दार लोटून घेतलं.

"मार्था मॅडमनी तुम्हाला फोन केला होता, साहेब. मेल उघडण्याआधी."

त्यांनी पेन मिटून टेबलावर ठेवलं. "दिवसाला किती फोन येतात मला. आठवत नाही."

"ठीक आहे. त्यांचं म्हणणं लिहिते, आणि तुम्हाला आठवत नाही, असंही लिहिते. यंत्रं जुनी होती, डिस्क जोडलेली होती, हेही लिहावं लागेल."

"लिहा," ते म्हणाले. आवाज रागाचा नव्हता. "माझी बढती अडकलीय यात, ते मात्र लिहू नका."

पुढच्या काही दिवसांत जिल्ह्याहून जुन्या नोंदी आल्या. नवे संगणक उसने मिळाले, मी ते तपासून जोडून दिले. उरलेल्या होड्यांसाठी साहेबांनी ठरवलं की लोकांना वसईला बोलावण्याऐवजी आपणच अर्नाळ्याला जायचं, ज्याच्याकडे जे कागद असतील ते पाहून परवाने द्यायचे. माणसं कमी पडत होती. माझ्या आग्रहावरून मार्था मॅडमना बोलावलं.

अर्नाळ्याचा किनारा सुरूच्या झाडांमागे अचानक उघडतो. समोर पाण्यात किल्ला, अलीकडे वाळूत ओळीनं ओढलेल्या होड्या. कोणी रंगाचा शेवटचा हात देत होतं, कोणी जाळ्यांची भोकं सांधत बसलं होतं. डांबर, रंग आणि सुक्या मासळीचा मिळून एक वास. कोळ्यांच्या समाजमंदिरात आम्ही टेबलं मांडली आणि बाहेर रांग लागली. बहुतेकांचे कागद प्लास्टिकच्या पिशव्यांत जपलेले होते. काम भराभर चाललं. परवाना हातात पडला की पुरुष कपाळाला लावत होते.

हिराबाई आली ती थेट मार्था मॅडमच्या टेबलापाशी. मार्था मॅडमनी तिला खालच्या आवाजात सांगितलं, की मंजुरी गेली आहे. जुन्या नोंदीत होडी अजून तिच्या नवऱ्याच्या नावावर आहे. अर्ज पुन्हा करावा लागेल, वारसांच्या सह्या पुन्हा लागतील.

"दीर तिकडं गुजरातला, वेरावळला हाय. त्याची सई कशी आनू? मेल्या मानसाच्या नावानं परवाना देनार का तुमी?"

"नाही देता येत, मावशी."

हिराबाईनं टेबलावर हात आपटला. सगळं समाजमंदिर वळून बघू लागलं. "हिनंच घालवलं! हिनंच चोराला घरात घेतला, आनि आता मना नियम सांगते!"

रांगेतून एकदोन आवाज उठले. मार्था मॅडम मान खाली घालून बसल्या होत्या. मी उठणार, तोच शेजारच्या टेबलामागून सावंत साहेब उभे राहिले.

"तिनं नाही," ते म्हणाले. "मार्था मॅडमना शंका आली होती. त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हणालो, उघडा. मी बघितलंही नाही. दोष त्यांचा नाही, माझा आहे."

मार्था मॅडमनी वर पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

हिराबाई साहेबांकडे वळली. मग मघाइतक्या मोठ्यानं नव्हे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मंग माज्या होडीचं काय, सायेब?"

साहेबांनी कोरा अर्ज पुढे ओढला. "आज अर्ज घेतो, मी स्वतः घेऊन वर जातो," ते म्हणाले. हिराबाईनं अंगठा उमटवला आणि मागे न बघता निघून गेली.

बंदी उठली त्या सकाळी मी मुद्दाम पुन्हा अर्नाळ्याला गेले. भरतीच्या पाण्यावर एकेक होडी हलकी होत होती. बायकांनी नारळ वाढवले, हळदकुंकू वाहिलं, इंजिनांचा धूर आणि पोरांचा गलका. होड्या किल्ल्याला वळसा घालून लहान होत गेल्या. वाळूवर उरली ती हिराबाईची. तिचे खलाशी (होडीवर काम करणारे) होडीच्या कडेला टेकून विड्या ओढत बसले होते. हिराबाई दुसऱ्यांच्या होड्यांसाठी आणलेलं तबक हातात धरून उभी होती. मला बघून म्हणाली, "जेवून जा, बाय." मी जेवले. त्या दिवशी तिनं संगणकाचं नावही काढलं नाही.

कोल्हापूरला परतल्यावर अहवाल लिहिला. आमच्या अहवालात 'कारण' या मथळ्याखाली बहुधा 'मानवी चूक' असे दोन शब्द पुरतात. या वेळी मी यंत्रांपासून गोदामापर्यंत आणि प्रस्तावापासून त्या फोनपर्यंत सगळं क्रमानं लिहिलं. साहेबांनी आपला जबाब सही करून जोडला. त्यांची बढती थांबली, नोकरी राहिली. मार्था मॅडम कामावर रुजू झाल्या. नुकसानीच्या मथळ्याखाली मी लिहिलं, 'बहुतांश नोंदी पूर्ववत.' ते खरं होतं, आणि मला जरा समाधानही वाटलं.

गणपतीनंतर मार्था मॅडमचा फोन आला. हिराबाईच्या दिराची सही मिळाली, साहेब स्वतः दोनदा वर जाऊन आले, परवाना तिच्या नावावर निघाला. त्या स्वतः तो द्यायला अर्नाळ्याला गेल्या होत्या.

"मग आता होडी गेली असेल," मी म्हणाले.

"नाही गेली. खलाशी किती दिवस बसून राहतील? पुऱ्या हंगामासाठी ते दुसऱ्यांच्या होड्यांवर लागले. आता पुढच्या साली बघू म्हणते. सध्या दुसऱ्यांची मासळी घेऊन बाजारात बसते."

"काही बोलली का?"

"कागद दोनदा हातात फिरवला. मग म्हणाली, तुझ्या कोल्हापूरच्या बायला सांग, कागद आला, मानसं गेली."

फोन ठेवल्यावर मी अहवालाची प्रत काढली. नुकसानीच्या मथळ्याखाली हिराबाईची होडी लिहिली, तिचे विखुरलेले खलाशी लिहिले, तिचा गेलेला हंगाम लिहिला, आणि पुरवणी म्हणून वर पाठवली. ती कोणी वाचली की नाही, मला अजून कळलेलं नाही.