तांबडीवर कॅमेरा धरायचा नाही

वारजे ते कँपातलं रेसकोर्स म्हणजे काही प्रवास नव्हे, असं माझी शेजारीण म्हणाली. दोन कॅमेरे खांद्याला अडकवून आणि दुखरा गुडघा सांभाळत तिने रविवारी कर्वे रस्ता पार करून दाखवावा, मग बोलू. मी मूळची अमरावतीची. निम्म्याहून अधिक आयुष्य पुण्यात गेलं, तरी शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं म्हटलं की अजूनही डबा बांधून निघते. त्यात आदल्या दिवशी एका लग्नाचं काम होतं. डोळे चुरचुरत होते, अंग मोडून आलं होतं. रेसकोर्सला जायचंय म्हटल्यावर रिक्षावाल्याने आरशातून मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "घरी सांगून आलात ना?" मी हो म्हटलं. वाद घालायचं त्राण नव्हतं.

काम होतं पोपटरावांचं. कात्रजच्या पुढचं त्यांचं गाव आता शहरात आलंय. त्यांच्या लेकीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. वडिलांच्या काळी त्यांच्या दावणीला शर्यतीचे बैल असत. पुढे शेतात इमारती उभ्या राहिल्या, बैल गेले, पण शर्यतीची खुमखुमी काही जाईना. मग तीन मित्रांना बरोबर घेऊन पोपटरावांनी रेसची एक घोडी घेतली. तिचं कागदोपत्री नाव लांबलचक इंग्रजी आहे. घरात सगळे तिला तांबडी म्हणतात. तांबडी आजवर एकदाही पहिली आली नव्हती. वय झाल्यामुळे आजची तिची शेवटची रेस होती, आणि पोपटरावांचीही. यापुढे रेसचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी बायकोला कबूल केलं होतं.

त्यांना एकच फोटो हवा होता. रेस जिंकली की मालक स्वतः लगाम धरून घोड्याला आत घेऊन येतो. याला तिथे लीड-इन म्हणतात. हार घातले जातात, फोटो निघतो आणि तो फोटो दिवाणखान्यात लागतो. पोपटरावांच्या दिवाणखान्यात त्या फोटोसाठी ठोकलेला खिळा मी लेकीच्या लग्नाच्या वेळीच पाहिला होता. आता तो गंजत आला असेल.

फोनवर त्यांनी मला बजावलं होतं, "ताई, एक ध्यानात ठेवा. पळायच्या आधी तांबडीवर कॅमेरा धरायचा न्हाई. नजर लागती."

म्हणजे जिच्यासाठी बोलावलं, तीच सोडून सगळ्यांचे फोटो काढायचे. इथेच घोडं पेंड खात होतं. पण गिऱ्हाइकाच्या श्रद्धेशी भांडू नये, हे मी लग्नांच्या धंद्यात शिकले आहे.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने माझी बॅग उघडली, एकेक लेन्स बाहेर काढली आणि पास उलटसुलट करून पाहिला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "आत शर्यत आहे. या घोड्यांवर नवरे बसत नाहीत." मी आधी कधी त्याच्या ओळखीतल्या लग्नात दिसले असणार. एरवी मी त्याला उत्तर दिलं असतं.

आत गेल्यावर मात्र क्षणभर बरं वाटलं. बाहेर हॉर्नचा गोंगाट, आणि आत हे एवढं मोठं हिरवं मैदान. पावसाळा सरत आला होता. गवत ओलं होतं, आभाळ खाली उतरलं होतं आणि हवेत घोड्यांचा, चामड्याचा, तळलेल्या समोशांचा असा एकत्र वास होता. मोठ्या रेसचा दिवस, म्हणून मंडळी नटून आली होती. आयटीतली पोरं गॉगल लावून एकमेकांचे फोटो काढत होती. कठड्याशी म्हातारे पुरुष रेसचं छापील पुस्तक डोळ्यांजवळ धरून उभे होते, परीक्षेच्या दालनाबाहेर उभं राहावं तसे. मी त्यांचेच फोटो काढत सुटले. टोप्या, दुर्बिणी, चिखलात रुतलेल्या उंच टाचा.

पोपटराव भेटले ते कोटात. कसबा पेठेतल्या शिंप्याकडून शिवून घेतलेला हा कोट लीड-इनच्या फोटोसाठीच होता, आणि त्या दमट हवेत ते घामाने निथळत होते. शेजारी त्यांची बायको, मालनबाई. हिरवं नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, छातीशी धरलेली कापडी पिशवी. त्या इथे पहिल्यांदाच आल्या होत्या. एवढी वर्षं त्या या जागेला जुगाराचा अड्डा म्हणत आल्या. आज शेवटचा दिवस, म्हणून नवऱ्यासोबत आल्या होत्या. खुर्चीच्या अगदी कडेला बसून त्या सगळं टिपत होत्या, माझ्यापेक्षा बारकाईने.

दुपारी आम्ही दोघी स्टँडच्या मागे झाडाखाली डबे सोडून बसलो. त्यांची बाजरीची भाकरी, झुणका आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. माझी थंडगार पोळी-भाजी. माझी पोळी त्यांनी बाजूला सारली आणि माझ्या हातात भाकरी ठेवली. अर्धी भाकरी मात्र फडक्यात बांधून परत पिशवीत टाकली. ती कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

आम्ही जागेवर परतलो तेव्हा तांबडीच्या आधीची रेस सुरू झाली होती. वळणावर एक काळा घोडा एकदम अडखळला. बाकीचे पुढे निघून गेले, आणि तो तीन पायांवर उभा राहिला. चौथा पाय नुसता लोंबत होता. त्याचा जॉकी खाली उतरून त्याच्या मानेवर हात ठेवून उभा होता. गाडी आली, माणसं धावली आणि घोड्याभोवती कापडी पडदा धरला गेला. कठड्यावरची मंडळी पुढच्या रेसचं पान उलटू लागली.

"पडद्याआड काय चाललंय?" मालनबाईंनी मला विचारलं.

"डॉक्टर तपासत असतील."

"मग पडदा कशापायी?"

मी लेन्स पुसायला लागले, आणि त्यांना काय ते कळलं. पडदा निघाला तेव्हा घोडा दिसला नाही. गाडी हळूहळू लांब गेली. मालनबाईंनी पिशवी आणखी घट्ट धरली. मी कॅमेरा खाली ठेवला. खरं सांगते, त्या वेळी मला उठून सरळ घरी जावंसं वाटलं.

मग त्या एवढंच म्हणाल्या, "आता नंबर नको बाई. चार पायांवर परत आली म्हंजी झालं."

रेसआधी घोडे जिथे गोल फिरवून दाखवतात, त्या रिंगणात तांबडी आली. तेवढ्यात आभाळ जरासं उघडलं आणि तिच्या पाठीवर ऊन पडलं. काय देखणं जनावर होतं! असा उजेड वर्षातून एखाद्या वेळी मिळतो. माझी बोटं शिवशिवली. पोपटराव पलीकडच्या कठड्यावरून माझ्या हातांकडेच बघत होते. मी लेन्सवर झाकण लावलं आणि त्यांना दाखवलं.

रेस किती वेळ चालते? घोटभर चहा निवायच्या आत संपते. लांबच्या कडेला रंगांचा एक पुंजका निघाला, वळणावर आला, आणि त्यात तांबडी सगळ्यांत पुढे होती. पोपटरावांनी माझं मनगट धरलं. मी कॅमेरा उचलला. मग शेवटच्या सरळ पट्ट्यावर एक घोडा तिला मागे टाकून गेला, पाठोपाठ दुसरा, तिसरा. शेवटी शेवटी तर मोजायचंच राहिलं. ती सर्वांत मागून आली.

पोपटरावांनी माझं मनगट सोडलं. कोट काढला, घडी करून हातावर टाकला. "आवरा ताई," ते म्हणाले. "झालं." त्यांचं तोंड बघवत नव्हतं. तरीही आता घरी जाता येईल म्हणून मला मनातून सुटल्यासारखंच वाटलं, ते लपवत नाही. कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळता गुंडाळता माझ्या लक्षात आलं, मालनबाई खुर्चीवर नाहीत.

जिंकलेला घोडा मधल्या चौकात येतो. हरलेल्यांचं खोगीर मागच्या बाजूला उतरवतात, तिथे ना हार ना गर्दी. मालनबाई विचारत विचारत नेमक्या तिथे पोचल्या होत्या. आम्ही गाठेपर्यंत त्यांनी तांबडीच्या पुढच्या टापांवर पिशवीतून आणलेल्या तांब्यातलं पाणी घातलं होतं. घोडी घामाने काळी पडली होती, नाकपुड्या फुलल्या होत्या. सईस (घोड्याची निगा राखणारा) लगाम आवळून गोंधळून उभा होता. मालनबाईंनी टाचा उंचावून घोडीच्या कपाळाला कुंकू लावलं. फडक्यातली भाकरी काढली, तुकडा मोडला, तो डोक्यापासून पायापर्यंत ओवाळला आणि बाजूला टाकला. उरलेली भाकरी तिच्या तोंडापुढे धरली. शर्यतीवरून आलेल्या जनावराचं त्यांच्या घरी असंच करतात. कुठल्या नंबरला आलं ते पाहून करतात, असं त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

पोपटरावांचा एक भागीदार इकडेतिकडे बघत पुढे झाला. "वहिनी, इथं हरलेल्या घोड्याला कुणी असं करत न्हाई. लोक बघत्यात."

"बैल हरला तर त्याला काय गोठ्याभाईर ठेवत्यात का?" मालनबाई वळल्याही नाहीत.

भागीदार मागे सरकला. पोपटराव जरा अंतरावर उभे होते. मधल्या चौकातून टाळ्या ऐकू येत होत्या. मग त्यांनी घडी मोडून कोट पुन्हा अंगात घातला, बटणं लावली आणि सईसाच्या हातून लगाम घेतला. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "धरा आता कॅमेरा."

त्या दिवसातला तांबडीचा तो पहिला फोटो. उजेड गेला होता. मागे चिखलाने माखलेल्या बादल्या आहेत, मालनबाईंचा पदर ढळलाय, घोडीच्या तोंडात भाकरी आहे. आणि ज्यांनी या फोटोसाठी एवढी वर्षं वाट पाहिली, ते पोपटराव कॅमेऱ्याकडे न बघता बायकोकडे बघतायत.

परतीच्या वाटेवर स्वारगेटला रिक्षा अडकली ती अडकलीच. जन्मभर मी स्टेजवर उभ्या असलेल्यांचे फोटो काढले. मागच्या बाजूला कुणी मला कधी बोलावलं नाही, आणि मीही आपण होऊन गेले नाही. दमल्याने असले विचार येतात, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडले आणि तो फोटो पाठवला. लगेच पोपटरावांचा फोन आला. फोटो त्यांना आवडला होता, खिळ्यालाच लावायचा म्हणाले. मग जरा घुटमळले. "पण ताई, आल्या-गेल्यानं इचारलं, कितवी आली, तर काय सांगू?"

मी काही बोलायच्या आत मागून मालनबाईंचा आवाज आला.

"सांगा, घरी आली."