रघुनंदनची हजार वर्षं

येलहंक्याच्या रघुनंदनचं काम काय, असं कुणी विचारलं की त्याची आई कृष्णाबाई सरळ सांगून टाकायची, "तो धूर पुरतो." बिचारा म्युनिसिपालटीत असेल अशी ऐकणारा समजूत करून घ्यायचा आणि विषय बदलायचा.

तशी कृष्णाबाई फारशी चुकत नव्हती. कारखान्यांच्या धुराड्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो पकडायचा, दाबून दाबून दाट करायचा आणि जमिनीखाली किलोमीटरभर खोल, खाऱ्या पाण्यानं भिजलेल्या वालुकाश्मात सोडायचा. वर घट्ट खडकाचं झाकण असतंच. मग तो तिथे गुमान राहतो, की फट शोधून परत वर येतो? हे रघुनंदन कॉम्प्युटरवर बघत होता, आणि त्यावर पीएचडी करत होता. खरा खड्डा त्यानं जन्मात खणला नव्हता. आईनं परसात कढीपत्ता लावायला सांगितला, तर या गृहस्थानं तोही कुंडीत लावला.

घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे बेंगळुराकडे आलेलं. घरात बोलणं मराठीच, पण 'बरं'साठी कानडी 'सरी' आणि 'थोडं'साठी 'स्वल्प' पेरल्याशिवाय कुणाचं वाक्य पुरं होत नसे. घरात वकील झाले, मास्तर झाले, बँकेतले झाले. पीएचडी करणारा हा पहिलाच, आणि करतच राहणाराही पहिलाच. त्यानं प्रवेश घेतला तेव्हा चुलतबहिणीची मुलगी पाळण्यात होती. आता ती त्याला सायन्सच्या प्रश्नांत अडकवायची. लग्नाकार्यात कुणी विचारलंच, "काय रे, झाली का?" तर रघुनंदन पानातल्या कोशिंबिरीकडे बघत म्हणायचा, "होत आलीय."

काय होत आलीय, कप्पाळ! त्याच्या गाईड संयोगिता मॅडम मूळच्या नागपूरच्या. दोन वर्षं त्या सांगत होत्या, "रघुनंदन, लिहायला घे आता." हा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "फक्त एक रन, मॅडम." एक रन म्हणजे कॉम्प्युटरला एकदा आकडे भरवून पळवणं. त्या रनमध्ये वायू जमिनीत सोडल्यापासून हजार वर्षं काय होतं ते दिसायचं. पण झाला रन की याला त्यात काहीतरी खुपायचं. खडकाची भोकं थोडी बारीक करू या. पाणी थोडं आणखी खारट करू या. की पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरू! संस्थेच्या मोठ्या संगणकावरचा आपला वाटा त्यानं केव्हाच संपवला होता. आता सगळी मदार लॅबमधल्या एका जुन्या, घरघरणाऱ्या वर्कस्टेशनवर होती. तिला सगळे अज्जी, म्हणजे आजी, म्हणत.

अखेर संस्थेनं कळवलं की ही शेवटची मुदतवाढ. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी समितीसमोर सेमिनार द्यायचा. निकाल दाखवता आले तर प्रबंध सादर करता येईल, नाहीतर नोंदणी रद्द. म्हणजे एवढी वर्षं पाण्यात, तीही खाऱ्या! तरी पठ्ठ्यानं काय करावं? आणखी एक रन लावला. हिशोबानं तो दसऱ्याच्या रात्री संपणार होता.

मध्ये, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आली आयुधपूजा. त्या दिवशी अख्ख्या बेंगळुरात रिक्षापासून लेथ मशीनपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. लॅबमध्ये ते काम शिवकुमारकडे होतं. तो तिथला टेक्निशियन; दर वर्षी सगळी यंत्रं बंद करून पुसायचा, कुंकू लावायचा आणि ट्रॉलीच्या चाकांखाली लिंबं ठेवायचा. अज्जीपाशी आला तसा रघुनंदन दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला.

"ही बंद करायची नाही!"

"अण्णा, आज हत्यारांना विश्रांती असते," शिवकुमार म्हणाला.

"मला नाहीये ना!"

शिवकुमारनं खांदे उडवले, चालत्या अज्जीलाच कुंकवाचं एक बोट टेकवलं आणि तो पुढे गेला. प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण रघुनंदननं घरी फोन करून हे आईला सांगितलं.

"काम करत असतानाच तिची पूजा केलीत? आजच्या दिवशी?" कृष्णाबाई हबकली. "रागावेल रे ती. निदान हार तरी घसघशीत घाल. स्वल्प मान ठेव तिचा."

एरवी रघुनंदन असल्या गोष्टींना हसायचा. पण पाणी गळ्याशी आलेल्या माणसाचं शास्त्र पातळ होतं. तडक मार्केटात गेला आणि शेवंती-झेंडूचा असा जाडजूड हार घेऊन आला, की बसमध्ये त्याला वेगळी सीट लागली. तो त्यानं अज्जीला घातला. एका वेढ्यात मावेना म्हणून दोन वेढे दिले. पुढून पडदा झाकला जात होता, म्हणून सगळा भार मागे सारला. वर कुणाला दिसू नये असा नमस्कारही केला. मोबाइलवरून रन बघायची सोय होती, पण सारखं बघितलं की दृष्ट लागते, असं त्याचं नवीन संशोधन होतं. म्हणून तो घरी जाऊन दोन दिवस होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, खात बसला.

सेमिनारच्या सकाळी लॅबचं दार उघडलं तर आत स्मशानशांतता. घरघर नाही, काही नाही. हाराचा मागचा भाग वाळून पापड झाला होता. अज्जीचा पंखा तिथेच होता ना! वारा कोंडला, यंत्र तापलं आणि जळू नये म्हणून आपणहून बंद पडलं. हजारातलं सातशे अठरावं वर्ष चालू होतं.

"अण्णा," मागून शिवकुमार म्हणाला, "एवढा हार लग्नात नवऱ्यालासुद्धा घालत नाहीत हो."

रघुनंदननं घाईघाईनं हिशोब केला. राहिलेली वर्षं पळवायला दीड दिवस तरी लागला असता, आणि समिती तासाभरात येणार होती. लाइट गेली म्हणून सांगू? सांगितलं असतं तर खपलंही असतं. पण सेमिनारला उभा राहिला, सगळ्यांचे चेहरे बघितले आणि त्याच्या तोंडून धडाधड खरंच बाहेर पडलं. हार, दोन वेढे, पंखा, नमस्कार, सगळं. हॉलमध्ये एवढा हशा पिकला की मागच्या ओळीतला एक जण खुर्चीवरून घसरला. पडद्यावर वायू किती सरकला ते दाखवणारी आलेखाची रेघ सातशे अठरापर्यंत येऊन तुटली होती. पुढे नुसता पांढरा कागद.

संयोगिता मॅडम हसल्या नाहीत. चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "तीनशेव्या वर्षानंतर ही रेघ कशी आहे?"

"सरळ आहे, मॅडम."

"म्हणजे वायू पाण्यात विरघळून जागच्या जागी बसला. आता कुठे जाऊन राहिला तो?"

"कुठेच नाही. पण मॅडम, हजार वर्षं..."

"बाप्पा! हजार कुणी सांगितली तुला?"

रघुनंदन आठवू लागला. संस्थेनं नाही. मॅडमनी नाही. पहिल्या वर्षी प्रस्ताव लिहिताना पाचशेचा आकडा किरकोळ वाटला, म्हणून यानंच तो खोडून हजार केला होता. या हजारापायी त्याची तरुणपणाची वर्षं गेली, आणि मागितली होती कुणी? कुणीच नाही.

"प्रत्येक रनमध्ये ही रेघ सरळच होती," मॅडम म्हणाल्या. "दोन वर्षं मी वाट पाहून राहिले, हा मुलगा थांबतो कधी. का थांबला नाहीस?"

रघुनंदनला रडू येईल असं वाटलं.

"भीती वाटत होती, मॅडम," तो म्हणाला. "हे चालू आहे तोवर मी पीएचडी करतोय असं सांगता येतं. संपलं की लोक विचारतील, आता काय. त्याचं उत्तर नाहीये माझ्याकडे."

मॅडमनी प्रबंध सादर करायच्या परवानगीचा कागद पुढे ओढला. मग त्यांनी सही केली, समितीच्या इतरांनीही केली, आणि सगळे चहाला निघून गेले.

रघुनंदन जिन्यात बसला. त्यानं घरी फोन लावला.

"आई, झालं. आता फक्त लिहून द्यायचं. समितीनं सह्या केल्या."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, पदरानं डोळे पुसल्याची खसखस आली, आणि कृष्णाबाई म्हणाली, "सरी. आता काय?"

रघुनंदनला हसू फुटलं. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसला.

"माहीत नाही गं," तो म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्याला त्या प्रश्नाची भीती वाटली नाही.